रात्रीचे आइस्क्रीम हलके करायचे आहे: काय निवडावे?

रंकाळाकाठ | १४ एप्रिल, रात्री १०.२०

नमस्कार. आमचे घर रंकाळ्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावर आहे आणि उन्हाळ्यात रात्रीचे जेवण झाले की तळ्याकाठी फेरी मारून येताना काहीतरी थंड खायचे, ही घरातली जुनी पद्धत आहे. पूर्वी ही चैन आठवड्यातून एकदा होत असे. यंदा उकाडा वाढला आणि ती नकळत दर दोन दिवसांवर आली. त्यातही साधा कप आमच्याकडे कोणी मागत नाही. कोल्हापूरच्या माणसाला उंच ग्लासातले कॉकटेल लागते, म्हणजे तळाशी फळांचे तुकडे आणि जेली, त्यावर दोन-तीन प्रकारचे आइस्क्रीम, वर सुकामेवा आणि सगळ्यात वर ती लाल चेरी. (आमच्याकडे कॉकटेल म्हटले की दारू आठवत नाही, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगून ठेवते.)

गेल्या महिन्यात यजमानांची तपासणी झाली. वजन आणि रक्तातली चरबी दोन्ही वाढलेली निघाली आणि डॉक्टरांनी गोड व साय यांवर हात आखडता घ्यायला सांगितले. सासूबाईंना मधुमेह आहे, तो गोळ्यांनी ताब्यात आहे. मुले वाढीच्या वयाची आहेत. अशा घरात थंड पदार्थ पूर्ण बंद करणे मला जमणार नाही आणि पटतही नाही. दुकानात गेले तर एका डब्यावर ‘लो फॅट’, दुसऱ्यावर ‘शुगर-फ्री’, तिसऱ्यावर ‘नो ॲडेड शुगर’, चौथ्यावर बारीक अक्षरात ‘फ्रोजन डेझर्ट’ असे लिहिलेले असते. यातले खरोखर हलके कोणते, आणि घरी करायचे झाल्यास दगडासारखा बर्फ न होता काय करता येईल, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

गंगावेशकर | १४ एप्रिल, रात्री ११.०५

ताई, ज्या गावात संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धारोष्ण दुधाचा पेला हातात देतात, त्या गावात आपण पातळ दुधाचे आइस्क्रीम शोधत आहात. धाडसाचे कौतुक वाटते. माहिती मलाही हवी आहे, म्हणून धाग्यावर बसून राहतो.

क्रीम सेपरेटर | १५ एप्रिल, सकाळी ७.१०

उमेदीची सर्व वर्षे दूध प्रक्रियेत गेली असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

साध्या व्हॅनिला आइस्क्रीमचे शंभर ग्रॅम घेतले, तर त्यात ढोबळमानाने दहा ते बारा ग्रॅम स्निग्धांश, पंधरा ग्रॅम घातलेली साखर, दहा ग्रॅमच्या आसपास दुधातली मूळची साखर व प्रथिने आणि उरलेले बहुतांशी पाणी असते. स्निग्धांशाच्या प्रत्येक ग्रॅममागे ९ आणि साखर किंवा प्रथिनांच्या प्रत्येक ग्रॅममागे ४ किलोकॅलरी मिळतात. (लेबलवर किलोकॅलरी छापलेले असते, बोलताना आपण त्यालाच कॅलरी म्हणतो.) म्हणजे स्निग्धांशाच्या साधारण १००, घातलेल्या साखरेच्या ६० आणि दुधाच्या स्वतःच्या ४०, अशा मिळून २०० कॅलरी झाल्या. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की डब्यावरच्या शब्दांची भीती राहत नाही.

आता ‘शुगर-फ्री’ डबा पाहा. त्यातली साखर काढून त्या जागी बहुधा माल्टिटॉलसारखे पदार्थ घातलेले असतात, कारण साखर ही केवळ गोडीसाठी नसते. ती पाण्याचा गोठणबिंदू खाली आणून आइस्क्रीम चमच्याने काढता येईल इतके मऊ ठेवते, आणि ती नुसतीच काढून टाकली तर हाती वीट येते. माल्टिटॉलच्या एका ग्रॅममागेही सुमारे २.१ कॅलरी असतातच. म्हणजे साखरेच्या ६० कॅलरींच्या जागी ३० आल्या, स्निग्धांशाच्या १०० जशाच्या तशा राहिल्या आणि २०० चे फार तर १७० झाले. मधुमेह असलेल्या माणसाला याचा काही उपयोग असेल, परंतु वजनाच्या दृष्टीने हा डबा जवळजवळ तितकाच जड आहे.

उलट स्निग्धांश कमी केला तर फरक मोठा पडतो. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा मानकांप्रमाणे नुसते ‘आइस्क्रीम’ म्हणवून घ्यायला, आणि त्यात कुल्फीही आली, किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो. अडीच ते दहा टक्क्यांच्या मधले ते ‘मीडियम फॅट’ आणि अडीच टक्क्यांपर्यंतचे ते ‘लो फॅट’. या शेवटच्या प्रकारात स्निग्धांशाच्या कॅलरी शंभरावरून बावीस-तेवीसवर येतात. कारखाने तोंडातला गुळगुळीतपणा राखण्यासाठी दूध पावडर आणि साखर थोडी वाढवतात, तरीही शंभर ग्रॅममागे १३० ते १४० च्या घरात आकडा थांबतो.

‘फ्रोजन डेझर्ट’ म्हणजे हलका पदार्थ, असा समज मी सुशिक्षित घरांतही पाहिला आहे. त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी खाद्य वनस्पती तेल किंवा वनस्पती स्निग्ध पदार्थ असतो, तो असल्याचे डब्यावर लिहावे लागते आणि साध्या फ्रोजन डेझर्टलाही किमान १० टक्के स्निग्धांशाचीच अट आहे. तेल असो वा लोणी, ग्रॅममागे कॅलरी ९ च. आवडत असेल तर अवश्य खावे, पण हलके म्हणून नव्हे.

आणखी एक गंमत सांगतो. आपल्या दावेविषयक नियमांप्रमाणे एखाद्या घन पदार्थावर ‘लो कॅलरी’ असे लिहायचे असेल तर त्यात शंभर ग्रॅममागे ४० पेक्षा जास्त कॅलरी असून चालत नाहीत. दुधाचे कोणतेही बरे आइस्क्रीम या रेषेच्या जवळपासही येत नाही. तेव्हा आपण ‘कमी कॅलरीचे’ म्हणून जे शोधत आहोत ते फक्त ‘त्यातल्या त्यात कमी’ असणार, हे धरून चालावे.

कैरीची फोड | १५ एप्रिल, दुपारी १.३०

काकांचा हिशेब वाचून मी फ्रीजमधला कप काढून पाहिला. लेबलवरचे आकडे शंभर ग्रॅमचे आहेत आणि कपावर मात्र ‘१०० मिली’ असे लिहिले आहे. मग या कपात दोनशे कॅलरी धरायच्या का?

क्रीम सेपरेटर | १५ एप्रिल, दुपारी ३.४५

फार चांगला प्रश्न विचारलात. मी सकाळी हेच लिहायला विसरलो. आइस्क्रीम गोठवताना घुसळले जाते आणि त्यात हवा भरली जाते. ही फसवणूक नाही, हवेशिवाय ते आइस्क्रीम होणारच नाही. पण हवा किती भरावी याला मर्यादा हवी म्हणून मानकांत एक लिटर आइस्क्रीमचे वजन किमान ५२५ ग्रॅम असावे असे घातले आहे. मीडियम आणि लो फॅटसाठी ही मर्यादा ४७५ ग्रॅम आहे. म्हणजे शंभर मिलीच्या कपात शंभर ग्रॅम नसतात, पन्नास-पंचावन्न ग्रॅमच्या आसपास असतात आणि त्या कपातून मिळणाऱ्या कॅलरीही लेबलवरच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास असतात.

कुल्फीचे मात्र उलटे आहे. पारंपरिक कुल्फी घुसळत नाहीत, आटवलेले दूध जसेच्या तसे साच्यात गोठवतात. त्यामुळे ती दिसायला लहान पण वजनाला भरलेली असते. साठ मिलीची कुल्फी जवळजवळ साठ ग्रॅम किंवा त्याहून जड भरते.

आखाड्याची माती | १५ एप्रिल, रात्री ९.१५

लहानपणी खासबागेतल्या कुस्त्या पाहून येताना आम्ही गारीगार खात असू, आणि त्यात किती काय आहे याची चौकशी कधी केली नाही. आज वजन सांभाळावे लागते म्हणून माझा अनुभव प्रामाणिकपणे लिहितो. दोन वर्षांपूर्वी मी लो फॅटचा अर्धा लिटरचा डबा घरी आणला. हे हलके आहे, या समाधानात पहिल्या रात्री मी जो वाडगा भरला, तो एरवीच्या कपाच्या दुप्पट होता, आणि दुसऱ्या रात्री डबा संपला. साधे आइस्क्रीम खाताना मनात जो एक चोर असतो तो मला एका कपावर थांबवत असे; ‘लो फॅट’ या शब्दाने त्या चोराला रजा दिली. तेव्हापासून मी साधेच, पण लहान कप विकत घेतो. डबा घरात ठेवत नाही.

रंकाळाकाठ | १६ एप्रिल, रात्री १०.४०

सर्वांचे मनापासून आभार. क्रीम सेपरेटर काकांच्या उत्तराने मला इतके पेटवले की आज मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढून बसले. आमच्या घरात ज्या वस्तू येतात त्याच मोजल्या आहेत, तेव्हा हे आकडे सगळीकडे लागू पडतील असे समजू नये.

व्हॅनिलाचा १०० मिलीचा कप, कागदाचे वजन वजा करून, ५४ ग्रॅम भरला. लेबलप्रमाणे हिशेब केल्यावर ११० कॅलरी झाल्या. काडीवरची साठ मिलीची कुल्फी ५७ ग्रॅम भरली आणि तिच्यात १३१ कॅलरी निघाल्या, म्हणजे आकाराने कपापेक्षा बरीच लहान असूनही ती कपाला मागे टाकते. मग यजमानांना लो फॅटच्या डब्यातून नेहमीसारखा वाडगा भरायला सांगितले आणि त्यांना न सांगता तो वजनावर ठेवला: ९६ ग्रॅम, १३२ कॅलरी. आखाड्याची माती यांनी जे लिहिले आहे ते आमच्या ओट्यावर शब्दशः सिद्ध झाले. मुलांच्या संत्र्याच्या गारीगारमध्ये ४९ निघाल्या. चॉकलेटचे कवच असलेली काडी मी मोजली नाही, कारण ती मोजण्याआधीच धाकट्याने संपवली. परंतु ते कवच बहुतांशी चरबी आणि साखर यांचेच असल्यामुळे ती हलकी निघाली नसती हे उघड आहे.

शेवटी कॉकटेलचे पार्सल घरी आणून चमच्याने एकेक थर वेगळा केला. दुकानदाराला हे कळले असते तर त्याने मला पुन्हा दारात उभे केले नसते. आइस्क्रीम सुमारे १८० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, जेली ६० ग्रॅम, काजू-बदाम-मनुका १२ ग्रॅम. सुट्या आइस्क्रीमला लेबल नसते, म्हणून ते काकांच्या शंभरी दोनशेच्या हिशेबाने धरले, आणि बेरीज ५३० च्या आसपास गेली. घरातल्या ज्वारीच्या भाकरीला मी साठ ग्रॅम पीठ घेते, तिच्या साधारण २०० कॅलरी होतात. म्हणजे आम्ही पोटभर जेवून, फेरी मारून, वर प्रत्येकी अडीच भाकऱ्या खात होतो.

कैरीची फोड | १७ एप्रिल, सकाळी ११.००

गारीगार इतकी हलकी असेल तर बर्फाचा गोळा त्याहूनही चांगला असला पाहिजे, कारण त्यात तर नुसता बर्फच असतो. मुलांना तोच देत जावा का?

आहारवही | १७ एप्रिल, दुपारी २.२०

मी आहारशास्त्राची पदवीधर असून सध्या घरूनच सल्ला देते. गोळ्याच्या बाबतीत जरा थांबावे. बर्फाला कॅलरी नाहीत हे खरे. परंतु गोळ्यावर जे सरबत ओततात ते साखरेचा घट्ट पाक असते आणि सिरप या नावाने विकल्या जाणाऱ्या पदार्थात विरघळलेले घन पदार्थ किमान ६५ टक्के असावे लागतात. पन्नास मिली सिरपचे वजन सहासष्ट ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे त्यात त्रेचाळीस ग्रॅम साखर आणि १७० कॅलरी झाल्या. आपल्या लेबलांवर दिवसभराच्या घातलेल्या साखरेचा जो संदर्भ आकडा धरतात तो प्रौढ माणसासाठी ५० ग्रॅम आहे. गोळेवाला दांड्यावरचा गोळा ग्लासात बुडवून देतो, आणि मूल तो चोखून पांढरा झाला की पुन्हा रंग मागते. तेव्हा गोळा किती हलका हे बर्फावर नव्हे, बाटली किती वेळा वाकली यावर ठरते. रस्त्यावरचा बर्फ कोणत्या पाण्याचा असतो हा प्रश्न वेगळाच आहे.

मूळ प्रश्नातील सासूबाईंविषयी थोडे लिहिते. ‘शुगर-फ्री’ आणि ‘नो ॲडेड शुगर’ हे दोन वेगळे दावे आहेत. पहिल्यात शंभर ग्रॅममागे साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त असू नये अशी अट आहे; दुसऱ्यात फक्त वरून साखर घातलेली नाही इतकेच म्हटलेले असते, दुधातली आणि फळातली साखर आत असतेच. माल्टिटॉलनेही रक्तातली साखर वाढते, साध्या साखरेपेक्षा कमी वाढते इतकेच. शिवाय असे पदार्थ पोट ढिले करू शकतात आणि तशी सूचना डब्यावर छापलेली असते. वयस्कर व्यक्तीला पहिल्यांदा देताना दोन-तीन चमच्यांवर थांबावे.

वजनासाठी घरातल्या सर्वांनीच कृत्रिम गोडीकडे वळावे का, असे पुढे कोणी विचारील म्हणून तेही सांगते. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून साखरेविना गोडी देणारे पदार्थ वापरू नयेत अशी शिफारस केली. आधीपासून मधुमेह असलेल्या व्यक्तींना ती लागू नाही आणि माल्टिटॉलसारखी द्रव्ये तिच्यात धरलेली नाहीत. तरीही निरोगी मुलांची जीभ लहानपणीच त्या तीव्र गोडीला सरावू नये, असे माझे मत आहे.

उसाचं पेर | १७ एप्रिल, रात्री ८.५०

साखरेऐवजी आपला गूळ घालून केले तर? आमच्या गुऱ्हाळावरचा गूळ रसायनाशिवाय असतो, आणि गुळाचे सर्व काही हलके असते असे आमच्या घरात मानतात.

आहारवही | १७ एप्रिल, रात्री ९.३५

कोल्हापुरी गुळाविरुद्ध बोलून या गावात राहायचे आहे, म्हणून जपून लिहिते. चवीसाठी अवश्य घालावा, विशेषतः नारळाच्या दुधाच्या कुल्फीत तो साखरेपेक्षा सरस लागतो. परंतु शंभर ग्रॅम साखरेत ४०० च्या जवळपास आणि शंभर ग्रॅम गुळात ३८० च्या जवळपास कॅलरी असतात. हा फरक इतका किरकोळ आहे की गूळ आहे म्हणून एक चमचा जास्त पडला तरी तो पुसला जातो, आणि गुळाची गोडी जरा मंद असल्यामुळे तो चमचा हमखास पडतो. मधुमेहात तर गूळ आणि साखर यांत भेद करूच नये.

सायीचं भांडं | १८ एप्रिल, सकाळी ९.४०

दुकानाचे पुरेसे झाले, आता घरचे पाहू. माझ्या आईची कुल्फी अशी होती: एक लिटर घट्ट दूध आटवून तिसरा हिस्सा करायचे, त्यात शंभर ग्रॅम साखर, वेलदोडा, केशर आणि असेल तर पिस्ता. सहा टक्के स्निग्धांशाच्या दुधाच्या लिटरमागे ८८० आणि साखरेच्या ४०० अशा १२८० कॅलरी झाल्या. साठ मिलीचे सात साचे भरले तर एकेका कुल्फीत १८० च्या वर येतात.

मी आता दीड टक्का स्निग्धांशाचे डबल टोन्ड दूध घेते. त्याच्या लिटरमागे साधारण ४६० कॅलरी असतात. ते निम्मे आटवते, तीस ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर थोड्या गार दुधात गुठळी न होऊ देता कालवून घालते, आणि साखर पन्नास ग्रॅमच घेते. एकूण ७७० च्या आत बसते आणि नऊ कुल्फ्या होतात, म्हणजे एकीच्या ८५. चव आईच्या कुल्फीची नाही. ती तशी असल्याचे मी कोणाला भासवतही नाही. ही दुधाची हलकी, बासुंदीकडे झुकणारी कुल्फी आहे आणि तिला तिच्या जागी ठेवून खाल्ली तर छान लागते.

तीन गोष्टी चुकतमाकत शिकले. पावडर टाळू नये, कारण पातळ दुधातल्या मोकळ्या पाण्याचे बर्फाचे खडे होतात आणि पावडर ते पाणी धरून ठेवते. एक सपाट चमचा कॉर्नफ्लोअरही त्याच कामी येते. दुसरे, मिश्रण कोमट असताना गोडी चाखून साखर ठरवू नये. थंडीने जिभेला गोडी कमी जाणवते, त्यामुळे कोमट असताना बेताचे गोड लागलेले गोठल्यावर फिके लागते आणि मग आपण पुढच्या वेळी साखरेचा हात सैल सोडतो. मी वेलदोडा, केशर आणि चिमूटभर मीठ वाढवून ही तूट भरते. तिसरे, साच्यात भरण्याआधी मिश्रण पसरट डब्यात गोठवून दीड-दोन तासांनी बाहेर काढावे, काट्याने मोडून मिक्सरमधून फिरवावे आणि मगच साचे भरावेत. पूर्वी लाकडी बादलीत बर्फ आणि खडेमीठ घालून पॉटचे आइस्क्रीम करताना दांडा फिरवण्यासाठी घरातल्या मुलांना पाळीपाळीने बसवत, ते याचसाठी. ढवळत राहिले की खडे मोठे होत नाहीत.

गंगावेशकर | १८ एप्रिल, सकाळी १०.१५

सर्व पटले, परंतु आमच्या गल्लीत डबल टोन्ड दुधाची पिशवी मागितली तर दुकानदार घरी कोणी आजारी आहे का असे विचारतो.

सायीचं भांडं | १८ एप्रिल, सकाळी १०.५०

मग गाईचे दूध घ्या, तापवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी साय काढा, पुन्हा तापवून पुन्हा गार करा आणि दुसरी साय काढा. साय तुपाच्या भांड्यात जाते, त्यामुळे काही वाया गेले असेही वाटत नाही. डबल टोन्डइतके नेमके होणार नाही, पण कुल्फीपुरते पुरेसे हलके होते. फक्त ते तूप नंतर कोणाच्या पुरणपोळीवर जाते याचा हिशेब या धाग्यावर मागू नये.

क्रीम सेपरेटर | १८ एप्रिल, सायंकाळी ६.००

दुधाशिवायचे दोन प्रकारही करून पाहावेत. पिकलेल्या केळ्याच्या चकत्या कडक गोठवून मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवल्या की पाच मिनिटांत मऊ, सायीसारखा गोळा होतो. केळ्यातल्या पेक्टिनमुळे हे घडते, आणि म्हणूनच कलिंगडाचे असे होत नाही, त्याचा किसलेला बर्फ होतो. शंभर ग्रॅम केळ्यात ९० ते १०० कॅलरी असतात आणि वरून काहीही घालावे लागत नाही. मधुमेह असलेल्यांनी मात्र हा वाडगा लहान ठेवावा. दुसरा प्रकार जांभळाचा. जूनमध्ये आजरा-चंदगडकडची जांभळे आली की गर काढून, चिमूटभर काळे मीठ घालून गोठवावा. साखर अगदी थोडी लागते, कारण जांभळाचा तुरटपणा थंडीतही मागे हटत नाही.

आखाड्याची माती | १८ एप्रिल, रात्री ९.५०

एक शंका. इतके आटवणे, मोडणे, फिरवणे करण्यापेक्षा महिन्यातून दोन वेळा रंकाळ्यावर जाऊन मनसोक्त कॉकटेल खावे आणि एरवी फळ खावे, हे सोपे नाही का? मला पर्याय या शब्दाचीच जरा भीती वाटते. पर्याय घरात आला की तो रोज खाल्ला जातो.

रंकाळाकाठ | ८ मे, रात्री १०.१५

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण करून पाहिल्याशिवाय लिहू नये असे ठरवले होते.

आखाड्याची माती यांची शंका मी यजमानांना वाचून दाखवली आणि त्यांनी लगेच तिचा पक्ष घेतला. त्यामुळे बाहेरचे कॉकटेल आता महिन्यातून दोनदा आहे, पूर्ण आकाराचे, चेरीसह, आणि त्या रात्री जेवणात एक भाकरी कमी. पण मुलांना दर दोन दिवसांची सवय लागलेली होती, ती एकदम तोडणे जमले नाही, म्हणून मधल्या दिवसांसाठी घरचे कॉकटेल सुरू केले. पपई, सफरचंद आणि डाळिंब मिळून दीडशे ग्रॅम, चायनाग्रासची कोकम घातलेली जवळजवळ बिनसाखरेची जेली, भिजवलेला सब्जा, वर साध्या आइस्क्रीमचा एकच साठ ग्रॅमचा गोळा आणि बदामाचे काप. बेरीज २३० च्या आसपास येते. ग्लास मात्र तोच उंच ठेवला आहे. तो लहान केला तेव्हा धाकट्याने पहिल्याच दिवशी तक्रार केली. उंच ग्लासात फळे जास्त आणि आइस्क्रीम कमी, याबद्दल त्याने अजून काही म्हटलेले नाही.

लो फॅटचा डबा पुन्हा आणला नाही. साधेच आइस्क्रीम आणते, परंतु शंभर मिलीच्या कपांत, म्हणजे कोणाच्याही वाडग्याचा आकार वाढत नाही आणि घरच्या एका कॉकटेलला साधारण एक कप पुरतो. सायीचं भांडं यांची कुल्फी दोनदा केली. पहिल्यांदा पावडर घालायला कंटाळा केला आणि खडे झाले, दुसऱ्यांदा उत्तम जमली. सासूबाईंना तिच्यातली अर्धी, दुपारच्या जेवणानंतर आणि त्या जेवणातला भात कमी करून, असे त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवले आहे. शुगर-फ्री कप एकदा आणला होता. त्यांनी तीन चमचे खाल्ले आणि “याला औषधाचा वास येतो, मला अर्धीच दे पण खरी दे,” असे सांगून तो यजमानांकडे सरकवला.

यजमानांची पुढची तपासणी जुलैमध्ये आहे, तेव्हा आकड्यांविषयी आज काही सांगता येणार नाही.

क्रीम सेपरेटर | ९ मे, सकाळी ६.५५

चायनाग्रासच्या जेलीचे प्रमाण लिहावे. कोकमाच्या आंबटपणाने ती सैल पडते, असा माझा अनुभव आहे.

रंकाळाकाठ | ९ मे, सकाळी ११.३०

काका, माझीही पहिली खेप सैल पडली होती. कोकम चायनाग्रासबरोबर उकळले होते, ती चूक झाली. आता पाच ग्रॅम चायनाग्रासच्या काड्या अर्धा लिटर पाण्यात भिजवून पूर्ण विरघळेपर्यंत उकळते, गॅस बंद करते आणि मगच कोकमाचा अर्क घालते. जांभळाचे मात्र आपण सुचवल्यापासून घरात वातावरण तापले आहे: खाणारे पाच जण तयार आहेत, आणि दोन किलो जांभळांच्या बिया काढायला कोण बसणार हे अजून ठरलेले नाही.